शरीराचा टक्का आणि कामाचा प्रश्न

मे २०१४ मध्ये एक माणूस हैदराबादला मुख्यालय असलेल्या राज्य परिवहन महामंडळात बसचालक म्हणून रुजू झाला. पुढच्या वैद्यकीय तपासणीत त्याला रंगांधळेपणा असल्याचे आढळले. लाल-हिरवा सिग्नल ज्याला नीट ओळखता येत नाही त्याच्या हाती प्रवाशांनी भरलेली बस द्यायची नाही, हा डॉक्टरांचा निर्णय योग्यच होता. पण महामंडळ तेवढ्यावर थांबले नाही. त्या माणसाने श्रमिक म्हणून दुसरे काम मागितले होते. ते न देता जानेवारी २०१६ मध्ये त्याला वैद्यकीय कारणाने निवृत्त करण्यात आले. हातपाय धडधाकट, काम करायची तयारी, घरी खाणारी तोंडे, आणि कागदावर मात्र ‘अपात्र’ हा शेरा.

प्रकरण तेलंगणा उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. १ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायमूर्ती जे. के. माहेश्वरी आणि न्यायमूर्ती अरविंद कुमार यांनी निकाल दिला. रंगांधळ्या चालकांना पर्यायी काम देण्याचा करार याच महामंडळाने कामगार संघटनांशी १९७९ मध्ये केला होता. तो करार महामंडळावर बंधनकारक आहे, आणि माणसाला घरी पाठवण्याआधी त्याच्याजोगे काम शोधणे ही मालकाची जबाबदारी आहे, असे न्यायालयाने बजावले. आठ आठवड्यांत योग्य पद द्या आणि थकीत वेतनाचा २५ टक्के भाग द्या, असा आदेश झाला. तोवर साडेनऊ वर्षे उलटली होती.

‘हा बस चालवू शकेल का?’ एवढाच प्रश्न डॉक्टरांना विचारला होता. त्यांच्या उत्तरातून महामंडळाने ‘हा काहीच काम करू शकत नाही’ असा अर्थ काढला. दिव्यांग माणसाच्या वाट्याला येणाऱ्या सरकारी तपासण्यांमध्ये हीच गफलत वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा घडते. शरीराचे किती नुकसान झाले, कमाई किती बुडाली आणि अमुक एक काम जमेल का, हे तीन प्रश्न एकमेकांहून वेगळे आहेत. एकाचे उत्तर दुसऱ्याच्या जागी वापरले की कोणाचे पेन्शन जाते, कोणाची नोकरी जाते, तर कोणाला कॉलेजचा प्रवेश मिळत नाही. हैदराबाद शहरात या तिन्ही तपासण्यांची ठिकाणे आहेत, म्हणून हे प्रकरण आपण तिथूनच समजून घेऊ.

चाळीस टक्क्यांची रेघ

भारतातल्या जवळजवळ सगळ्या दिव्यांग सवलतींचे दार ४० टक्क्यांवर उघडते. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे होती. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि ही संख्या २१ झाली. थॅलेसेमिया, पार्किन्सन्स, अॅसिड हल्ल्यात जखमी झालेल्या व्यक्ती, स्वमग्नता हे सारे त्यात आले. चाळीस टक्क्यांची रेघ मात्र जिथल्या तिथे राहिली. शासकीय नोकरीतील चार टक्के आरक्षण, उच्च शिक्षणातील राखीव जागा आणि राज्याचे पेन्शन, सगळे या रेघेच्या पलीकडे आहे.

टक्के काढण्याची रीत केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलेली असते. २००१, २०१८ आणि २०२४ मध्ये त्या निघाल्या. हाताचा किंवा पायाचा कोणता भाग कुठून कापला गेला, सांधा किती अंशांत वाकतो, स्नायूंत किती जोर उरला, हे मोजून आकडा काढतात. २००१ च्या सूचनांत मनगटापासून हात गेला तर ६० टक्के, खांद्याच्या सांध्यापासून गेला तर ९० टक्के आणि अंगठा मुळापासून गेला तर ३० टक्के असा हिशेब होता. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर ३० टक्के. एकाहून अधिक व्यंगे असतील तर आकड्यांची सरळ बेरीज करत नाहीत. मोठ्या आकड्याला ‘अ’ आणि लहान आकड्याला ‘ब’ म्हटले, तर ९० मधून ‘अ’ वजा करायचा, त्याला ‘ब’ने गुणायचे, ९० ने भागायचे आणि आलेली संख्या ‘अ’मध्ये मिळवायची. एक व्यंग ४० टक्के आणि दुसरे ३० टक्के असेल तर एकूण ७० होत नाहीत, सुमारे ५७ होतात.

ही पद्धत वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने नीटनेटकी आहे. तिच्यामुळे अदिलाबादच्या डॉक्टरचा आणि हैदराबादच्या डॉक्टरचा आकडा जुळू शकतो. पण ती शरीर मोजते, त्या शरीराने चालणारा व्यवसाय मोजत नाही. चारमिनारजवळच्या लाड बाजारात लाखेच्या बांगड्यांवर बारीक खडे बसवणाऱ्या कारागिराचा उजवा अंगठा गेला, तर त्याचे सगळे कसब गेले. तक्त्यात मात्र तो ३० टक्क्यांवर थांबतो, रेघेच्या अलीकडे. उलट, मनगटापासून हात गेलेला प्राध्यापक ६० टक्क्यांचा दाखला घेऊन तास घेत राहतो. त्याला दाखला मिळू नये असे मुळीच नाही, त्याच्याही अडचणी खऱ्या आहेत. म्हणणे एवढेच की, या दोन आकड्यांवरून त्या दोघांच्या घरी चूल पेटेल की नाही ते कळत नाही.

सदरम: संगणकाने काढलेला टक्का

आंध्र आणि तेलंगणात दिव्यांगाच्या दाखल्याला लोक ‘सदरम’ म्हणतात. एकत्रित आंध्र प्रदेशात २०१० च्या सुमारास हैदराबादेतून ही संगणकप्रणाली राज्यभर नेण्यात आली. ग्रामीण दारिद्र्य निर्मूलनासाठी राज्याने नेमलेल्या संस्थेने ती चालवली आणि सॉफ्टवेअर टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने तयार केले. त्याआधी दाखले हाताने लिहिले जात. एकाच माणसाला एका दवाखान्यात ३५ आणि दुसऱ्यात ५० टक्के मिळत, आणि दोन्हींच्या मध्ये दलाल उभा असे. सदरममध्ये डॉक्टर मोजमापे भरतो आणि टक्का संगणक काढतो. दाखल्यावर छायाचित्र आणि ओळख क्रमांक येतो, आणि नोंद राज्याच्या साठ्यात राहते.

अर्जदार ‘मी सेवा’ या सरकारी सेवा केंद्रात जाऊन तपासणीची वेळ घेई, ठरलेल्या दिवशी शिबिरात किंवा सरकारी रुग्णालयात हजर होई आणि तज्ज्ञ डॉक्टरांसमोर बसे. हैदराबादेत यासाठी लागणारे वैद्यकीय ज्ञान भरपूर आहे. डोळ्यांसाठी मेहदीपट्टणमचे सरोजिनी देवी रुग्णालय, कान-नाक-घशासाठी कोटीचे सरकारी रुग्णालय, मनोविकारांसाठी एर्रागड्डाची मानसिक आरोग्य संस्था आणि बौद्धिक दिव्यांगत्वासाठी सिकंदराबादच्या मनोविकासनगरातील राष्ट्रीय संस्था आहे. ही शेवटची संस्था १९८४ मध्ये स्थापन झाली आणि देशभरासाठी चाचण्या व प्रशिक्षण तयार करते.

सदरमने मनमानीला आळा घातला, हे तिचे श्रेय मोठे आहे. गरीब माणसाला ओळखीशिवाय, पैसे न चारता दाखला मिळण्याची वाट तिने मोकळी केली. पण संगणकाला जे विचारले तेवढेच तो सांगतो. गुडघा किती वाकतो हे त्याला विचारले होते. माणूस तिसऱ्या मजल्यावर राहतो का, कामाच्या जागी शौचालय आहे का, बसची पायरी चढता येते का, हे त्याला कोणी विचारले नाही.

आता देशभर एकच दिव्यांग ओळखपत्र चालते. त्यावरची पट्टी ४० टक्क्यांच्या आत पांढरी, ४० ते ८० च्या दरम्यान पिवळी आणि ८० च्या वर निळी असते. तेलंगणाही सदरमवरून या केंद्रीय ओळखपत्राकडे वळला आहे. कायद्यानुसार एका राज्याचा दाखला देशभर ग्राह्य आहे. लातूर, नांदेड, उदगीर, देगलूरकडून कामाला किंवा उपचाराला हैदराबादेत येऊन तिथेच राहिलेल्या मराठी कुटुंबांसाठी ही मोठी सोय आहे. पेन्शन मात्र राज्याचे असते. दाखला सीमेपलीकडे चालतो, पेन्शनसाठी तिथले रहिवासी व्हावे लागते.

महिन्याचे पैसे

टक्का ठरला की पैशाचा प्रश्न येतो. एकत्रित आंध्रच्या शेवटच्या काळात दिव्यांगांना महिन्याला ५०० रुपये मिळत. तेलंगणा वेगळा झाल्यावर ८ नोव्हेंबर २०१४ रोजी ‘आसरा’ योजना सुरू झाली आणि दिव्यांगांचे पेन्शन एकदम १,५०० रुपये झाले. जून २०१९ पासून ते ३,०१६ आणि जुलै २०२३ पासून ४,०१६ रुपये झाले. विधवा आणि वृद्धांना २,०१६ रुपये मिळतात. २०२३ च्या निवडणुकीत काँग्रेसने दिव्यांगांना ६,००० रुपये देण्याचे वचन दिले, आणि ते पाळावे म्हणून दिव्यांगांच्या संघटना २०२५ मध्येही हैदराबादेत आंदोलने करत होत्या. शेजारच्या आंध्र प्रदेशाने जुलै २०२४ पासून ६,००० रुपये द्यायला सुरुवात केली, आणि जे पूर्णपणे अंथरुणाला खिळले आहेत त्यांना १५,०००.

यात केंद्राचा वाटा किती? इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना २००९ मध्ये २०० रुपयांवर सुरू झाली, २०१२ मध्ये ३०० रुपये झाली आणि १८ ते ७९ वयोगटासाठी तिथेच थांबली. तीही फक्त ८० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला. बाकी सारा भार राज्यांवर आहे, म्हणून राज्य बदलले की माणसाच्या गरजेची किंमत बदलते. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून आहे. मराठवाड्यात लोक तिला ‘निराधारचा पगार’ म्हणतात. दिव्यांगांसाठी तिची रक्कम २०२५ मध्ये १,५०० वरून २,५०० रुपये करण्यात आली. तोपर्यंत दिव्यांगाला इतर निराधारांइतकेच मिळत होते, आणि २०१६ च्या कायद्याचे कलम २४ तर सांगते की अशा योजनांत दिव्यांगांचे साहाय्य इतरांपेक्षा किमान २५ टक्क्यांनी जास्त असावे.

कायद्याने २५ टक्के जास्त का मागितले, हे समजून घेणे फार महत्त्वाचे आहे. दिव्यांग माणसाला जगायलाच जास्त पैसे लागतात. श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, चाकाच्या खुर्चीची दुरुस्ती, गर्दीच्या बसऐवजी करावी लागणारी रिक्षा, सोबत येणाऱ्या भावाची बुडालेली रोजंदारी हा खर्च माणूस नोकरी करत असला तरी असतो. उलट, नोकरी करायला बाहेर पडला की तो वाढतो.

तरीही योजनांच्या अटी पेन्शनकडे कमाईचा पर्याय म्हणूनच पाहतात. तेलंगणात ग्रामीण कुटुंबासाठी वार्षिक दीड लाख आणि शहरी कुटुंबासाठी दोन लाख रुपयांची उत्पन्नमर्यादा आहे. दोन लाख म्हणजे महिन्याला साडेसोळा हजारांच्या थोडे वर. महाराष्ट्रात दिव्यांगांसाठी ती वर्षाला ५० हजार, म्हणजे महिन्याला चार हजारांच्या आसपास आहे. घरातल्या कोणाला पहारेकऱ्याची साधी नोकरी लागली तरी दिव्यांग मुलीचे पेन्शन धोक्यात येते. मग कुटुंब कमाई लपवते, किंवा मुलीला कामावर पाठवायला कचरते. ही माणसांची लबाडी नाही, त्यांना तसे वागायला लावणारी योजनेची रचना आहे. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या आणि त्यांतील साधारण ३६ टक्के काम करत होत्या. उरलेल्यांपैकी कितीजणांना काम जमले असते, याचे उत्तर त्यांच्या टक्केवारीत मिळत नाही.

आणखी एक विसंगती नोंदवायला हवी. ‘आसरा’साठी इतर दिव्यांगांना ४० टक्के पुरतात, पण कर्णबधिरांना ५१ टक्के लागतात. त्यामुळे ४५ टक्के श्रवणदोष असलेला माणूस देशाच्या कायद्याने दिव्यांग ठरतो आणि तेलंगणाच्या पेन्शनसाठी ठरत नाही.

सुताराचा हात

दुसरी तपासणी कामगाराच्या वाट्याला येते. बालानगर, जीडिमेट्ला, पाटणचेरू या हैदराबादच्या औद्योगिक पट्ट्यांत यंत्रात हात जाणे, रसायनाने भाजणे हे नवे नाही. कामगार विमा योजनेत असेल तर अपघातानंतर जितके दिवस काम करता येत नाही तितके दिवस त्याला वेतनाच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते. इजा कायमची असेल तर वैद्यकीय मंडळ ‘कमावण्याची क्षमता किती टक्के गेली’ हे ठरवते आणि त्या प्रमाणात त्याला आयुष्यभर लाभ मिळतो. इथे प्रश्नच वेगळा आहे: शरीर किती गेले यापेक्षा कमाई किती गेली, हे पाहायचे असते.

पण कमाई मोजणाऱ्या या व्यवस्थेच्या पोटातही एक तक्ता आहे. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठ्याला ३० टक्के, तर्जनीला १४, मधल्या बोटाला १२ आणि अनामिका किंवा करंगळीला ७ टक्के असा भाव लावलेला होता. तोच साचा पुढे कामगार विमा कायद्यात आला. कारकुनाची करंगळी आणि तबलावादकाची करंगळी तक्त्यात सारखीच.

या तक्त्याच्या पुढे पाहण्याची वाट एका सुतारामुळे मोकळी झाली. १९६८ मध्ये ओडिशात एका चित्रपटगृहाचे नक्षीकाम करताना तो पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. एक हात शाबूत आहे, तेव्हा हे पूर्ण अपंगत्व नव्हे, असे मालकाचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. सुतारकाम एका हाताने होत नाही. पट्टी धरायला एक आणि करवत चालवायला दुसरा हात लागतो. म्हणून त्या माणसापुरते नुकसान १०० टक्के धरले गेले. पुढे २०१० मध्ये मोटार अपघाताच्या एका खटल्यात याच न्यायालयाने सूत्र आणखी स्पष्ट केले. आधी माणसाला आता काय करता येते आणि काय येत नाही ते पाहा, मग अपघातापूर्वी तो काय काम करत होता ते पाहा, आणि शेवटी त्याची कमाई किती घटली ते ठरवा. तोच हात गेला तर चालकाचे किंवा सुताराचे नुकसान शंभर टक्के असू शकते आणि कारकुनाचे त्याहून कितीतरी कमी.

दिव्यांगत्वाच्या साऱ्या मोजणीतले हे सर्वात माणुसकीचे सूत्र आहे. दुर्दैवाने त्याचा लाभ मुख्यतः नुकसानभरपाई मागणाऱ्यांनाच होतो. रस्त्यावर वस्तू विकणारे, घरी शिवणकाम करणाऱ्या बायका, नाक्यावर उभे राहणारे मजूर कामगार विम्याच्या बाहेर आहेत. त्यांच्यासाठी उरतो तो चाळीसचा टक्का.

कामाचा रकाना असलेले एक मोजमाप

आपल्याकडे कामाचा विचार करणारे एक मोजमाप मात्र आहे, आणि ते मनोविकारांसाठी आहे. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने तयार केलेल्या या मोजपट्टीत चार रकाने आहेत: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद आणि काम. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, शिवाय आजार किती काळ आहे त्याचे गुण. एकूण सात गुण झाले की ४० टक्के. इथे डॉक्टर मेंदूची छायाचित्रे पाहून टक्का काढत नाही. माणूस सकाळी उठून आंघोळ करतो का, घरच्यांशी बोलतो का, नोकरीवर टिकतो का, हे तो कुटुंबाला विचारतो.

बौद्धिक दिव्यांगत्वाच्या चाचणीतही बुद्ध्यंकाच्या जोडीला सामाजिक प्रगल्भता पाहतात. त्यासाठीच्या वाइनलँड मोजपट्टीचे भारतीय रूप डॉ. ए. जे. मलिन यांनी नागपुरात घडवले. मूल स्वतः जेवते का, पैसे ओळखते का, एकटे दुकानात जाऊन येते का, असे प्रश्न त्यात असतात. रोजचे जगणे विचारून दिव्यांगत्व मोजता येते, याचे पुरावे आपल्याच घरात आहेत. गुडघा, डोळा आणि कान मोजतानाही तेच करण्याला शास्त्राचा अडसर नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्येच अशी वर्गवारी स्वीकारली, ज्यात शरीर, कृती, सहभाग आणि भोवतालची परिस्थिती यांचा एकत्र विचार होतो.

भोवताल का मोजायचा, हे कुष्ठरोगावरून सर्वात स्पष्ट दिसते. राणी कुमुदिनी देवी यांनी १९५८ मध्ये हैदराबादजवळ कुकटपल्लीत शिवानंद पुनर्वसन गृह उभारले. आनंदवनात बाबा आमटे यांनी जे ओळखले होते, तेच तिथेही उघड होते. औषधाने जंतू मरतो, पण माणसाला काम देणारा हात मागे घेतला जातो. बऱ्या झालेल्या कुष्ठरुग्णाच्या बोटांचे व्यंग तक्त्यात थोडे भरेल, पण हॉटेलात, किराणा दुकानात, शिकवणीत त्याला दार बंद होते. त्याची कमाई लोकांच्या भीतीने हिरावलेली असते, आणि शरीर मोजून ते नुकसान कधीच दिसणार नाही.

जर्मनी आणि ब्रिटनचे धडे

मग ‘हा माणूस काम करू शकतो का?’ हा एकच प्रश्न सगळ्यांना सरसकट विचारावा का? याचे उत्तर देण्याआधी ब्रिटनचा अनुभव पाहायला हवा. तिथे ऑक्टोबर २००८ पासून कामाची क्षमता तपासणारी नवी चाचणी आली. किती मीटर चालता येते, किती वेळ उभे राहता येते, वस्तू उचलता येते का, नवी गोष्ट शिकता येते का, याला गुण असतात. पंधरा गुण झाले तर भत्ता, नाहीतर ‘कामाला योग्य’ असा शेरा. तपासणीचे कंत्राट आधी अॅटॉस या खाजगी कंपनीकडे होते आणि २०१५ पासून ते मॅक्सिमसकडे गेले. हजारो लोकांनी अपिले केली आणि जिंकली. त्याच वर्षी तिथल्या सरकारने प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार डिसेंबर २०११ ते फेब्रुवारी २०१४ या काळात ‘कामाला योग्य’ ठरलेल्या आणि भत्ता संपलेल्या २,३८० जणांचा त्यानंतर लवकरच मृत्यू झाला. शेऱ्यामुळेच मृत्यू झाले असे हा आकडा सांगत नाही. पण इतक्या आजारी माणसांना कामाला योग्य ठरवणारी तपासणी विश्वासार्ह नव्हती, एवढे तो नक्कीच सांगतो.

जर्मनीची रीत वेगळी आहे. १८८९ मध्येच बिस्मार्कच्या काळात तिथे अपंगत्व विम्याचा कायदा झाला. आज तिथे दिवसाला तीन तासांपेक्षा कमी काम जमत असेल तर पूर्ण निवृत्तिवेतन मिळते आणि तीन ते सहा तास जमत असेल तर अंशतः. माणूस एक तर धडधाकट, नाहीतर निकामी, अशी दोनच खोकी तिथे नाहीत. मधल्या अवस्थेला जागा आहे, आणि बहुतेक दिव्यांग माणसे याच मधल्या अवस्थेत जगतात.

ब्रिटनने प्रश्न कामाचा विचारला, पण समोर कोणतेही काम ठेवले नाही. हवेतल्या कामासाठी माणूस तपासला. आपल्याकडे सुतारासमोर सुतारकाम ठेवून न्यायालयाने विचार केला. कामाची पारख कामासमोरच व्हायला हवी.

संशय आणि फेरतपासणी

रक्कम वाढली की संशयही वाढतो. आंध्र प्रदेशाने पेन्शन ६,००० रुपये केल्यावर २०२५ मध्ये दिव्यांग लाभार्थ्यांची फेरतपासणी हाती घेतली आणि ऑगस्टमध्ये मोठ्या संख्येने लोकांना अपात्रतेच्या नोटिसा गेल्या. वर्षानुवर्षे पेन्शन घेणाऱ्या माणसाचा टक्का अचानक ४० च्या खाली आला होता. आंदोलने झाली आणि अपील करणाऱ्यांचे पेन्शन तूर्त चालू ठेवण्याची भूमिका सरकारला घ्यावी लागली. महाराष्ट्रात २०२४ मध्ये पुण्यातील एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दाखल्यांवरून गदारोळ झाला आणि त्यानंतर दाखल्यांच्या पडताळणीची मागणी सगळीकडे वाढली.

खोटा दाखला खऱ्या दिव्यांगाच्या ताटातले हिसकावतो, त्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण फसवणूक शोधायची तर बनावट दाखला देणाऱ्या साखळीला हात घालावा. लहानपणी पोलिओ झालेल्या माणसाला दर काही वर्षांनी रांगेत उभे करून त्याचा पाय अजून तसाच आहे का हे पाहण्यात कसली पडताळणी आहे? न बदलणाऱ्या व्यंगासाठी कायमचा दाखला द्यावा असे नियमच सांगतात.

नोकरीच्या दारात

याच गदारोळात, जुलै २०२४ मध्ये, तेलंगणातील एका ज्येष्ठ सनदी अधिकाऱ्यांनी अखिल भारतीय सेवांत दिव्यांगांना आरक्षण का असावे, असा प्रश्न समाजमाध्यमावर विचारला. दिव्यांग संघटनांनी त्याचा तीव्र निषेध केला. त्या प्रश्नाला उत्तर देणारी माणसे त्याच भूमीने पाहिली आहेत. एस. जयपाल रेड्डी यांना बालपणीच पोलिओ झाला. कुबड्यांच्या आधारे ते विधानसभेत आणि लोकसभेत गेले, केंद्रीय मंत्री झाले, १९९८ मध्ये उत्कृष्ट संसदपटू ठरले. श्रीकांत बोल्ला जन्मापासून अंध आहेत. दहावीनंतर त्यांना विज्ञान शाखा नाकारण्यात आली, तेव्हा न्यायालयात जाऊन त्यांनी ती मिळवली, पुढे अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत शिकले आणि २०१२ मध्ये हैदराबादेत उद्योग उभारून दिव्यांगांना रोजगार दिला. अशी माणसे अपवाद म्हणून कौतुकाची होतात. पण त्यांच्या वाटेवर उभ्या केलेल्या ‘अपात्र’ शेऱ्यांवर जे मात करू शकले नाहीत, त्यांची नोंद कुठेच नाही.

महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजी हा शेरा थेट तपासला. वाचा आणि भाषेचे दिव्यांगत्व ४० टक्क्यांहून अधिक असल्याने नियमाप्रमाणे तो एमबीबीएसला अपात्र ठरत होता. म्हणजे आरक्षण मिळायला ४० टक्के हवेत आणि प्रवेश मिळायला ४० च्या आत हवे! न्यायमूर्ती भूषण गवई, अरविंद कुमार आणि के. व्ही. विश्वनाथन यांनी सांगितले की नुसता आकडा पुरेसा नाही. हे दिव्यांगत्व अभ्यासक्रमाच्या आड येते का, हे मंडळाने तपासावे आणि येत असेल तर कारणे लिहावीत. या निकालाआधी त्याची नव्याने तपासणी झाली होती आणि तो शिकू शकतो असे निष्पन्न झाले होते. या खंडपीठातलेच एक न्यायमूर्ती पुढच्या वर्षी हैदराबादच्या चालकाच्या निकालातही होते. दोन्ही निकालांचा आशय एकच आहे: माणसाला नाकारायचे असेल तर त्याला नेमके काय जमत नाही ते सांगा, आणि जमवण्यासाठी तुम्ही काय केले तेही सांगा.

दाखला काढणाऱ्यासाठी

या सगळ्या गुंत्यात सामान्य माणसाच्या हाती काही ठोस हक्क आहेत आणि ते प्रत्येक घरी माहीत हवेत. दाखला नाकारला तर कारण लेखी मिळाले पाहिजे. टक्का कमी लावला असे वाटले तर २०१६ च्या कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे अपील करता येते. नोकरीत असताना दिव्यांगत्व आले तर कलम २०(४) प्रमाणे सरकारी आस्थापना कर्मचाऱ्याला काढू शकत नाही आणि खालच्या पदावरही ढकलू शकत नाही. त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते, पद नसेल तर जादा पद निर्माण करावे लागते. दाद मागायला राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत. कामगाराने अपघातानंतर दिव्यांगाचा दाखला आणि कमाईच्या नुकसानीचे प्रमाणपत्र यांत गल्लत करू नये. दोन्ही वेगळी आहेत, दोन्ही मिळवावीत. आणि कोणत्याही मंडळासमोर बसताना आपण काय काम करतो, त्यातली कोणती हालचाल आता होत नाही, हे स्वतःहून सांगावे आणि लिहून घ्यायला लावावे.

सरकारकडे मागणी तीन गोष्टींची आहे. दाखल्याला दुसरे पान जोडा, आणि त्यावर टक्क्याशेजारी माणसाला काय जमते, कोणत्या मदतीने आणखी जमेल, हे व्यवसायोपचारतज्ज्ञ आणि समाजसेवक यांनी डॉक्टरच्या बरोबरीने लिहावे. पेन्शनला दिव्यांगत्वाच्या जादा खर्चाची भरपाई समजा, म्हणजे घरात चार पैसे आले म्हणून ते एका फटक्यात बंद होणार नाही. आणि नोकरी किंवा प्रवेश नाकारणाऱ्यावर पुराव्याचे ओझे टाका. यासाठी सगळी व्यवस्था नव्याने उभारावी लागत नाही. संगणकप्रणाली आहे, तज्ज्ञ संस्था आहेत, कायदा आहे, न्यायालयाचे निकालही आहेत. हैदराबादच्या चालकाला जे साडेनऊ वर्षांनी मिळाले ते नियमाने पहिल्याच महिन्यात मिळायला हवे होते, आणि त्यासाठी त्याला फक्त एकच प्रश्न विचारायला हवा होता: बस जमत नाही, तर तुला काय जमेल?